उन्हात ठेवलेला घट

सर्वपित्री अमावास्या आली की आमच्या कळंब्याच्या रस्त्याला बायका काळ्या मातीचे ढीग मांडून बसतात. शेजारी पत्रावळ्या, मातीचे लहान घट आणि सात धान्यांच्या पुड्या. आता जगातलं सगळं घरपोच मिळायला लागलंय, पण घटाची माती अजून त्या बाईच्या हातूनच घ्यायची, आणि "खडे हायत की गं ह्यात, जरा चाळून दे" असं म्हणून तिचं चार शब्द बोलणंही ऐकून घ्यायचं. यंदा तिनं विचारलं, "मावशी, एवढीशीच? घरात माणसं किती हायत?" मी म्हटलं, "माती काय माणसं मोजून घेत्यात व्हय?" ती हसली आणि अजून एक मूठ टाकली. उत्तर तोंडावर फेकायची माझी जुनी सवय. घरी आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवली, तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून मी बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं.

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. दरवर्षी पोरांकडून बिया लावून घ्यायच्या, हा माझा आवडता उद्योग. दोन डबे आणायचे, दोन्हीत मटकी पेरायची, एक खिडकीत ठेवायचा आणि एक कपाटात. आठ दिवसांनी कपाटातला डबा बाहेर काढला की सगळा वर्ग बाकावर चढून वाकायचा. आतली रोपं पिवळी, लांबडी, मान टाकलेली. "बाई, मेलं का?" कुणीतरी हळूच विचारायचं. "मेलं न्हाई, उजेड मागतंय," मी म्हणायची. मग तो डबा खिडकीत जायचा आणि दोन-तीन दिवसांत रोपं हिरवी व्हायची. पोरांना तर वाटायचं बाईंनीच जादू केली, आणि मीही ते श्रेय मुकाट्यानं घ्यायची.

तीच बाई घरी आली की आश्विनात अंधाऱ्या देवघरात घट बसवायची, आणि तिथल्या पिवळ्या धान्याला हात जोडायची. सासूबाईंनी सांगितलं होतं, घटाचं धान पिवळंच पाहिजे, सोनं असतं ते. जेवढं उंच वाढेल तेवढं वर्ष चांगलं. आणि एकदा घट बसला की नऊ दिवस जागचा हलवायचा नाही. घट हलला तर घर हलतं. शाळेत जे कपाटातलं ते घरात देवघरातलं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. शाळेचं डोकं मी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत असणार.

सहा वर्षांपूर्वीच्या आश्विनात माझी नात सई आमच्याकडं आली होती. मुलगा आणि सून बेंगळुरूला असतात. तिकडच्या शाळांना दसऱ्याची भरपूर सुट्टी असते. मुलगा तिला सोडून दुसऱ्या दिवशी परत गेला. सई तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या दप्तरातून एक कागद निघाला: घरी पाच प्रकारच्या बिया लावा, रोज बघा, चित्र काढा. आमच्या ह्यांनी तो कागद वाचून घेतला. साखर कारखान्यात वजनकाट्यावर आयुष्य काढलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून दिवसभर खुर्ची उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात हलवायचा. कागद खाली ठेवून म्हणाले, "एवढंच व्हय? हे तर आपल्याला येतंय."

आणि खरंच, त्या माणसात एवढा उत्साह मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. सकाळी उठून करवंट्या घासल्या, तळाला भोकं पाडली. मेथी करवंटीत, मूग डब्याच्या झाकणात ओल्या कापसावर. वालाचा एक दाणा काचेच्या ग्लासात, ओल्या वर्तमानपत्राच्या घडीला टेकवून, म्हणजे मूळ खाली कसं जातं ते बाहेरून दिसावं. धण्यांची पाळी आली तेव्हा ह्यांनी धणे फरशीवर पसरले आणि पायातलं पायताण काढून त्यानं रगडायला सुरुवात केली. सई किंचाळलीच. "आजोबा, चपलेनं?"

"ह्याला पायताणच लागतंय. एका धन्यात दोन बिया असत्यात, त्या सुट्या कराय पायजेत. मिक्सरला लावलं तर पीठ हुतंय."

मग तिलाही करायचं होतं. तिच्या गुलाबी रबरी चपलेनं धणे नुसते पळायचे. शेवटी तिनं आपला पाय ह्यांच्या भल्यामोठ्या कोल्हापुरी पायताणात घातला आणि भिंतीला धरून गरगर फिरवायला लागली. अंगणभर धण्याचा वास सुटला. मी आत पुरणाला डाळ निवडत होते, ती तशीच टाकून दारात येऊन उभी राहिले. तो वास अजूनही कुणाच्या स्वयंपाकघरातून आला की मला पहिल्यांदा भिंतीला धरलेला तिचा हात दिसतो.

पाचवी बी तिला तांदळाचीच लावायची होती. मी काही सांगायच्या आत ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. हे म्हणाले, "पेर की." तिनं डब्यातले दहा तांदूळ मोजून पेरले, आइस्क्रीमच्या काडीवर 'राइस' लिहून खोचलं. मेथी आली, मुगाला शेपट्या फुटल्या, तांदूळ काही उगवेना. चौथ्या दिवशी ती रडवेली झाली तेव्हा ह्यांनी सांगितलं, "अगं, त्येला सोललाय. सोलल्यावर कोन उगवतंय? टरफलासकट भात असतंय, ते उगवतंय." मला म्हणाले, ते तिला आपलं आपण कळायला पाहिजे होतं. मी शिक्षिका, पण हे मला सुचलं नसतं. मी पहिल्याच दिवशी तिची चूक दुरुस्त करून मोकळी झाले असते.

सकाळी उठली की तोंड न धुता ती बिया उकरून बघायची. आल्या का, किती आल्या. हे तिला म्हणायचे, "तुझं पांघरूण वढून कोन रोज बघाय लागलं तर तुला चालंल का?" ती तेवढ्यापुरती माती परत सारखी करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवसांत घरात सतत कुणीतरी कुणालातरी हाक मारत असायचं. आता सकाळी मीच माझं दार उघडते, मीच कडी घालते. आवाज येतो तो कुकरचा, आणि एका वाटीच्या भाताला शिट्टीही धड होत नाही.

घट बसवताना मी सईकडूनच धान्य पेरून घेतलं. पत्रावळीवर माती पसरली, तिच्या मुठीत गहू-जोंधळा-मूग असं मिसळलेलं धान दिलं, वर मधोमध पाण्याचा घट ठेवला, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. सगळं एका पाटावर. शेजारी नऊ दिवस तेवणारा दिवा. सईच्या मनात तो सहावा प्रयोग होता, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

पाचव्या माळेला, म्हणजे पंचमीला, कोल्हापुरात सगळी गर्दी टेंबलाईच्या टेकडीकडं लोटते. मीही गल्लीतल्या बायकांबरोबर निघाले. "मी टेंबलाईला जाऊन येतो," म्हणाले. आमच्याकडं बायकासुद्धा येतो-जातोच म्हणतात. सईला त्याचं भारी हसू यायचं. त्या दिवशीही ती दारात उभी राहून हसत होती. परत यायला मला एक वाजला.

देवघरात दिवा होता, घट नव्हता. फरशीवर पाण्याची एक ओली रेघ, देवघरातून स्वयंपाकघरात आणि तिथून मागच्या अंगणात गेलेली. अंगणात भर उन्हात पाट. पाटाखाली पायपुसणं, त्यावरून ओढत आणलेला. सई उकिडवी बसून वहीत चित्र काढत होती आणि हे खुर्चीत पेपर वाचत होते. मला बघून तिचं तोंड फुललं. "आज्जी, हे सगळे पिवळे पडलेत. त्यांना उजेड पाहिजे. दोन दिवसांत बघ तू, हिरवे होतील."

माझंच वाक्य होतं ते. एकतीस वर्षांचं माझं वाक्य, कुणी न शिकवता तिनं शोधून काढलं होतं. माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोरीनं असं केलं असतं तर मी तिला सगळ्यांपुढं उभी करून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. पण मी तेव्हा बाई नव्हते, त्या घरची सून होते. डोकं फिरलं माझं.

"काय केलंस हे? बसलेला घट हलवत असत्यात? आता ह्या घरावर काय येतंय ते बघ तू."

सात वर्षांच्या पोरीला मी हे बोलले. आवाज एवढा होता की पलीकडच्या अंगणातली बाई कपडे वाळत घालायची थांबली. ह्यांनी पेपर खाली ठेवला. "काय येत न्हाय. पोरीनं उनात ठेवलाय, मसनात न्हाय. आनि पाटाखाली पायपुसणं मी दिलंय. बोलायचं तर मला बोल."

पण मी त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हते. सईनं वही मिटली. पेन्सिल डब्यात ठेवली, डबा बंद केला आणि उठून उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर मी जवळ घेतली असती, मला माझा स्वभाव माहीत आहे. तिच्या तोंडावर नुसतं एक कोरेपण आलं. पाट आम्ही दोघांनी उचलून आत ठेवला, मी हळदीकुंकू वाहिलं, नाक घासलं. संध्याकाळी दिवा लावताना बघितलं तर एका बाजूची टोकं हिरवी व्हायला लागली होती.

दसऱ्याला घट उठवला तेव्हा ह्यांनी नेमके तेवढेच हिरवे तुरे उपटून टोपीत खोचले. गल्लीभर सोनं वाटत फिरले आणि भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या नातीनं पिकवलंय." मी ओठ आवळून बघत राहिले. दोन दिवसांनी मुलगा आला आणि सईला घेऊन गेला.

मार्गशीर्षात, एका सकाळी चहाचा कप हातात असताना, हे गेले.

सगळी आली. घर माणसांनी भरलं. बारा दिवस सई इथं होती, आणि बारा दिवसांत तिनं देवघरात पाऊल टाकलं नाही. कुणी काड्यापेटी आणायला पाठवलं तर उंबऱ्याशी थांबून आईला हाक मारायची. मी बघत होते. इतकी वर्षं पोरांची तोंडं वाचायची नोकरी केली, मला न कळून काय होतंय. तिला वाटत होतं की तिनं घट हलवला म्हणून आजोबा गेले. आज्जीच तसं म्हणाली होती.

एक वाक्य होतं. तिला मांडीवर घेऊन म्हणायचं, तुझ्यामुळं न्हाई गं बाळा. तेवढंच. लोक येत-जात होते, वेळ मिळाला नाही, असं मी पुढं स्वतःला सांगत राहिले. ते खोटं आहे. वेळ होता. खरं हे की त्या दिवसांत माझ्याही मनात कुठंतरी तेच घोळत होतं: घट हलला होता. दिसायला मी शिकलेली, पोरांना विज्ञान शिकवलेली, आणि आत हे. पोरीला मांडीवर घेतलं असतं तर ते तिला माझ्या हातांतून कळलं असतं, अशी मला भीती वाटली. मी तिला जवळ घेतलंच नाही.

पुढं दोन वर्षं सगळं जगच घरात बसलं. नंतर तिच्या शाळा, परीक्षा, शिबिरं. दसऱ्याला ती पुन्हा आली नाही. रविवारी फोन येतो. "जेवलीस का गं?" "हो." "अभ्यास?" "आहे ना खूप." मग ती फोन वडिलांकडं देते. दसऱ्याला फुलांचं चित्र पाठवते, मी उलट अंगठ्याचं चित्र पाठवते. प्रत्येक वेळी फोन ठेवला की मी म्हणायचे, माझ्यावर रागच आहे तिचा, आणि असायलाच पाहिजे. तिच्या जागी मी असते तर ह्या घराची पायरी चढले नसते. ते वाक्य तिला कधी ना कधी म्हणायचं, एवढं एकच काम माझ्या आयुष्यात शिल्लक आहे असं वाटायचं. मरायच्या आधी तेवढं झालं पाहिजे.

यंदा घट बसवला, आणि तिसऱ्या माळेला शेजारची सुनीता आली. तिची तन्वी पहिलीत आहे. "काकू, शाळेच्या ग्रुपवर आलंय, पोरांनी बी लावून रोप आणायचं म्हनं. दहा दिवसांत कुठलं रोप येतंय? मी नर्सरीतनं आणतो की एक."

"आण की. आणि उद्या पेपर पण तूच लिहून दे."

सुनीता अशा बोलण्याला भीत नाही, म्हणून मला ती आवडते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पोरीलाच माझ्याकडं आणून सोडलं. मी करवंटी शोधली, मेथी भिजत घातली. तन्वी घरभर फिरत होती. देवघराच्या दारात उभी राहिली आणि बराच वेळ आत बघत राहिली. मग म्हणाली, "आज्जी, तुमची झाडं आजारी हायत?"

"न्हाई गं. उजेड न्हाई ना तिथं."

"मग भाईर आना की."

एवढं म्हणून ती मेथीकडं वळली. माती चिवडत बसली, नखं काळी करून घरी गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. पोर बोलून गेलं, तिला काही नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं दुसरंच पोर उभं राहिलं. अजून एक वर्ष, अजून एक वर्ष असं करत ती मोठी होऊन जाईल आणि हे तिच्या मनात घेऊनच जाईल, असं वाटून मला बसवेना.

दुसऱ्या दिवशी पंचमी होती. बायका टेकडीला निघाल्या, मी गेले नाही. सईला सुट्टी होतीच. मी तिच्याच नंबरवर फोन लावला.

"आज्जी?" तिचा आवाज घाबरलेला. "सगळं ठीक आहे ना?" रविवार सोडून माझा फोन गेला तर तिला हेच वाटणार.

"ठीक हाय. तुला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस, न्हाईतर मला जमायचं न्हाई." आणि मी सांगितलं. रात्रभर जुळवलेलं सगळं विसरले आणि जसं आलं तसं बोलले. "तू घट उनात ठेवला होतास, तवा तुला नको ते बोललो मी. आजोबा गेले ते त्याच्यानं न्हाई. त्यांचं हृदय कमजोर होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तू केलंस ते बरोबर होतं. चुकलं ते माझं. सहा वर्षं झाली, मला हे म्हणायचं होतं. मला माफ कर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज्जी," ती म्हणाली, "कुठला घट?"

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. देवघर, पिवळं धान, तू पाट ओढत अंगणात नेलास, मी टेंबलाईहून आले. ती मन लावून ऐकत होती, गोष्ट ऐकतात तशी. मग म्हणाली, "सॉरी आज्जी. मला खरंच नाही आठवत. मी खूप लहान होते ना."

"मग आजोबा गेले तवा तू देवघरात का येत नव्हतीस?"

"देवघरात?" तिनं आठवून बघितलं. "तिथं पाल होती. फोटोच्या मागं, खूप मोठी. मला अजून भीती वाटते पालीची." आणि हसली. हसणं मोकळं होतं. खोटं हसणारी पोरं मला ओळखू येतात. ही त्यातली नव्हती.

मीही हसले. म्हटलं, "व्हय, होती पाल."

मग तिनं विचारलं, "आजोबा होते का गं तेव्हा तिथं?"

मी भिंतीला हात टेकला. "होते की. तुझ्याच बाजूनं होते. माझ्याशी भांडले तुझ्यासाठी."

"रिअली? सो स्वीट." मागून कुणीतरी तिला कन्नडमध्ये हाक मारली, तिनं कन्नडमध्येच काहीतरी उत्तर दिलं. "आज्जी, माझी फ्रेंड आलीय. मी रविवारी करते हं." आणि फोन बंद झाला.

मला आनंद व्हायला पाहिजे, आणि झाला. खोटं कशाला बोलू. पोरीच्या मनावर काही ओझं नव्हतं, कधीच नव्हतं; ती पालीला भ्याली आणि मोठी झाली. देवीनं एवढं तरी माझं ऐकलं. मी देवघरात गेले, दिव्यात तेल घातलं, पाचवी माळ बांधली. मग तिथंच बसून राहिले आणि हळूहळू कळायला लागलं की सहा वर्षं मी कशाच्या आधारानं बसले होते. राग आहे म्हणून येत नाही, असं समजत होते. रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. पण तिचा राग नव्हता, भीती नव्हती. तिला इथं यायचं काही कारणच उरलं नव्हतं.

त्या दुपारी अंगणात आम्ही तिघं होतो. त्यातले एक गेले, एकीला आठवत नाही. आता ती दुपार खरंच झाली होती, हे सांगायला मी एकटीच आहे.